वासखोलीतलं स्टूल

नाक आमच्या घराण्यात सगळ्यांनाच आहे, आणि बहुतेकांनी ते दुसऱ्याच्या भानगडीत खुपसण्यासाठीच वापरलं. नाकाचा पगार घेणारी मात्र एकटी आत्या. साबणाच्या कारखान्यात ती वास घ्यायची. साबण करायची नाही, विकायची नाही, उचलायचीही नाही. नुसता हुंगायची. माझे वडील, म्हणजे तिचे सख्खे थोरले बंधू, जन्मभर म्हणत आले, "आम्ही घाम गाळून कमावतो, ही श्वास घेऊन कमावते." यावर आत्याचं उत्तर ठरलेलं असे, "दादा, घाम तूच गाळतोस. पण तो मला इथपर्यंत येतो."

तिच्यामुळे घरात कोणाला काही लपवता आलं नाही. मी कॉलेजात असताना चोरून ओढलेली सिगारेट तिने जिन्याच्या खालच्या पायरीवरून ओळखली होती. वर येऊन एवढंच म्हणाली, "निदान जरा बरी तरी ओढ."

तिची कामाची जागा कारखान्याच्या मागच्या अंगाला होती. कढयांपासून लांब, पांढऱ्या भिंतींची, कधीही न उघडणाऱ्या एका खिडकीची खोली. कामगार तिला वासखोली म्हणत. आत एक लांब टेबल आणि तीन स्टुलं. साबणाचा एक घाणा उतरला की त्यातल्या एका वडीचा कीस झाकणाच्या छोट्या वाट्यांतून तिथे यायचा. वाटी उघडायची, हुंगायची, चिठ्ठीवर मत लिहायचं आणि चिठ्ठी पालथी ठेवायची. सगळ्यांचं लिहून होईपर्यंत कोणी चकार शब्द काढायचा नाही, कारण एकाने "खवट" म्हटलं की दुसऱ्याच्या नाकाला लगेच खवट वाटायला लागतं. नाक हा अवयव मोठा भिडस्त आहे.

आणखी एक पद्धत होती. एका वासाकडून दुसऱ्याकडे जाताना नाक धुऊन घ्यावं लागतं. ते पाण्याने धुतलं जात नाही. त्यासाठी स्वतःच्या कोपराच्या घडीत नाक खुपसायचं. आपला वास आपल्याला येत नाही असं लोक म्हणतात. खरं तर येतो, पण इतका ओळखीचा असतो की नाक तिथे पाय पसरून बसतं. वासखोलीत याला "घरी जाऊन येणं" म्हणत. "थांबा हं, मी घरी जाऊन येते," म्हणून आत्या कोपरात तोंड लपवायची. नवख्या माणसाला वाटे, बाई रडतायत.

शेजारच्या स्टुलावर मिशीवाले बसत. वयाने आत्याच्या बरोबरीचे, नोकरीने थोडे जुने, आणि मिशी त्या दोन्हींहून मोठी. तिसरं स्टूल एका मुलीचं होतं, पण ती बाळंतपणाच्या रजेवर होती. कारखान्यातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक वडीवर त्या दिवसांत या दोनच नाकांचा शिक्का होता.

तेवढ्यात आत्याला ताप आला. साधा ताप, चार दिवसांत गेला. जाताना मात्र हात हलवत गेला नाही. कामावर रुजू झाल्यावर पहिली वाटी उघडली तेव्हा तिला वाटलं, वाटी रिकामी आहे. डोळ्यांना कीस दिसत होता. ती सवयीने घरी जायला कोपराकडे वळली, आणि घर नव्हतं. दार नाही, भिंत नाही, काहीच नाही. "अरे, मेल्यावर कसं वाटतं ते मला कळलं," हे तिने मला पुढे सांगितलं. "काही वाटत नाही. तेच तर वाईट आहे."

त्याच वेळी सांगायला हवं होतं. आत्याने सांगितलं नाही. तिची नजर शेजारी गेली. मिशीवाल्यांनी वाटी हुंगली आणि मिशी सपाट राहिली. आत्याने लिहिलं, "ठीक." चिठ्ठ्या उलटल्या. दोन्ही ठीक. दुसऱ्या वाटीला मिशीचं डावं टोक किंचित वर गेलं. आत्याने लिहिलं, "वास जास्त." मिशीवाल्यांनी लिहिलं होतं, "वास जास्त." इतकी वर्षं शेजारी बसून तिला मिशीची ही भाषा नकळत पाठ झाली होती, आणि आता पोटापाण्याला लागली होती.

असे बरेच दिवस गेले. आत्या डोळ्यांनी वास घेत होती आणि कोणाला पत्ता नव्हता. आतोबांनाही नव्हता, कारण त्यांना ऐकू कमी यायचं आणि ते ऐकायचेही कमी. बसदुरुस्तीच्या कार्यशाळेत इंजिनांना कान लावून लावून त्यांचे कान गेले होते. कानात घालायचं यंत्र कपाटाच्या खणात झोपलेलं असे.

आणि मग एक अख्खा घाणा खवट गेला. आतलं तेल जुनं होतं. कोणीही सोम्यागोम्या नाक वाकडं करील असा वास, पण माल दुकानांपर्यंत पोचला आणि तिथून तक्रारींसकट परत आला. मॅनेजरने चिठ्ठ्या काढल्या. दोन्हींवर "ठीक." त्याने दोघांना बोलावून आधी मिशीवाल्यांना विचारलं, "तुम्हाला हा वास आला नाही?"

"आला होता हो, जरासा," मिशीवाले म्हणाले. "पण वाटी उघडली की आधी मी ताईंच्या भुवईकडे बघतो. भुवई हलली नाही. म्हटलं, आपलंच नाक चुकत असेल."

"आधी भुवई बघता? कधीपासून?"

"पहिल्यापासूनच. ताईंचं नाक म्हणजे काय!"

आत्याने कपाळावर हात मारला. ती मिशी वाचत होती आणि मिशी भुवई वाचत होती. दोन आंधळी माणसं एकमेकांचा हात धरून रस्ता ओलांडत होती, आणि प्रत्येकाची खात्री की दुसऱ्याला दिसतंय.

"माझं नाक तापात गेलंय," आत्याने सरळ सांगून टाकलं. "मी लपवलं. चूक माझी. ह्यांना काही बोलू नका."

मॅनेजर भला माणूस. आत्याच्या मते भली माणसं फार धोक्याची, कारण त्यांच्याशी भांडता येत नाही. तो म्हणाला, "बाई, तुम्ही आजवर खूप केलंत. आता पॅकिंगला बसा. सावलीचं काम, पगार तोच. वासखोलीतून जाताना आपण छोटासा समारंभ करू. भिंतीवरचं छानसं घड्याळ देऊ."

"घड्याळ कशाला? माझं नाक बंद पडलंय, वेळ नाही."

"बाई, तसं नाही..."

"स्टूल कोणाला देणार?"

"बघू कोणीतरी."

"बघू नका. थंडी संपेपर्यंत थांबा. तोवर मी पॅकिंगला खोकी चिकटवते. मग माझी परीक्षा घ्या. नापास झाले तर निवृत्त होईपर्यंत चिकटवीन, आणि तुमचं घड्याळही लावीन. पण तोवर त्या स्टुलावर कोणी बसायचं नाही."

मॅनेजर हो म्हणाला. त्याला बहुधा वाटलं असेल, थंडी संपेपर्यंत बाईंची समजूत पटेल. आमच्या आत्याची समजूत पटलेली त्या कारखान्यात कोणी पाहिली नव्हती, तो तर नवाच होता. परत आलेला माल कामगारांना फुकट वाटण्यात आला. कारखान्याच्या उदारपणालाही असा वास असतो. आत्याच्या वाट्याचं खोकं आतोबांनी पलंगाखाली सरकवलं.

नेहमीच्या डॉक्टरांनी टॉर्च मारून नाकात डोकावून पाहिलं. "होतं असं. सवय करून घ्या. डोळे तर नाही ना गेले?"

"डोळे गेले असते तर म्हणाला असतात, कान आहेत ना," आत्या म्हणाली. "असं एकेक करत तुम्ही मला पोचवाल."

डॉक्टर वरमले आणि त्यांनी मोठ्या रुग्णालयातल्या एका डॉक्टरीणबाईंचं नाव दिलं. या बाई नाकावरच संशोधन करत होत्या. बारीक अंगाच्या, केस विस्कटलेल्या, आणि बोलायला लागल्या की न थांबणाऱ्या. आत्याला त्या पाहताक्षणी आवडल्या. सोबत मी होतो, म्हणून हे संभाषण माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

"मावशी, नाकाच्या अगदी वरच्या मजल्यावर एक टिकलीएवढा पडदा असतो," बाई सांगू लागल्या. "त्यातल्या पेशींवर कुलपं असतात. शेकडो जातींची. वास म्हणजे हवेतून येणाऱ्या किल्ल्या. एका गुलाबाच्या किल्ल्यांचा जुडगा येतो, त्यातल्या काही या कुलपांना लागतात, काही त्या, आणि मेंदू म्हणतो, गुलाब. तुमच्या तापाने तो मजलाच उद्ध्वस्त केलाय."

"मग नवीन कुलपं बसवा."

"तिथल्या पेशी मुळात पुन्हा उगवतात, हेच तर नशीब. त्यांना जागं कसं करायचं, हा प्रश्न आहे. गंमत बघा. आपण रोज घेतो त्यातली कितीतरी औषधं, रक्तदाबाची, अ‍ॅलर्जीची, शरीरातल्या अशाच धाटणीच्या कुलपांवर चालतात. त्या घराण्यातली सगळ्यात मोठी शाखा नाकात राहते. पण तिच्यासाठी म्हणून औषध करायचं फारसं कोणाच्या मनातच आलं नाही."

"का?"

"एक तर नाकाला कोणी मनावर घेत नाही. आणि ही कुलपं हट्टी आहेत. प्रयोगशाळेतल्या पेशींत ती घडवायला गेलं, की पेशीच्या दारापर्यंत येतच नाहीत. आतच कुठेतरी अडकून बसतात."

"आमच्या पॅकिंगमधली माणसं अशीच आहेत," आत्या म्हणाली.

"आणि ती नुसती नाकात नाहीत बरं का. त्वचेत सापडलीत, मूत्रपिंडातही सापडलीत."

"मूत्रपिंडात? त्या बिचाऱ्याने त्या जागी बसून वास कशाला घ्यायचा?"

डॉक्टरीणबाई खळखळून हसल्या. मग गंभीर झाल्या. त्यांच्याकडे नाकात घालायचे थेंब होते. त्यातला रेणू काही ठरावीक कुलपांना हलवत राहतो, आणि त्यामुळे नव्या पेशी तग धरतील अशी त्यांना आशा होती. नुसती आशा. निम्म्या लोकांना खरे थेंब आणि निम्म्यांना मिठाचं पाणी मिळणार होतं. कोणाला काय मिळालं, ते शेवटपर्यंत बाईंनाही कळणार नव्हतं.

"म्हणजे वासखोलीच की," आत्या म्हणाली. "चिठ्ठी पालथी, तोंड बंद. चालेल."

घरी कार्यक्रम सुरू झाला. सकाळ-संध्याकाळ आत्या पलंगावर आडवी होऊन डोकं कडेवरून खाली लोंबकळवायची आणि आतोबा वरून थेंब सोडायचे. गाडीत वंगण घालावं तसे. थेंब मुरले की चार बाटल्या. लिंबू, लवंग, गुलाब, निलगिरी. प्रत्येक बाटली हुंगायची आणि तो वास कसा होता ते आठवायचं. लिंबू हुंगताना आत्या जीभ आंबट झाल्यासारखं तोंड करायची आणि मग म्हणायची, "काही नाही. दुसरी आणा."

महिनाभर काही नाही. आतोबा एकदा थेंब घालता घालता म्हणाले, "अगं, वयाचं आहे. सवय होते. मला नाही झाली?"

आत्या उलट्या डोक्याने कडाडली, "सवय हा शब्द या घरात पुन्हा काढायचा नाही! आणि ते यंत्र आधी खणातून बाहेर काढा. मी एकटी लढणार नाही."

तिचा तो आवाज यंत्राशिवाय ऐकू आला. आतोबांनी यंत्र कानात घातलं आणि दिवसभर दचकत राहिले. फ्रिज गुरगुरतो, पंखा कण्हतो, आणि बायको बाटल्या हुंगताना रेल्वे इंजिनासारखी फुसफुसते, हे त्यांना प्रथमच कळलं. "जगात एवढा आवाज आहे?" ते हताशपणे म्हणाले. "मला हे नव्हतं हवं. मला फक्त तू हवी होतीस."

"मीही त्यातच आहे," आत्या म्हणाली. "सगळं घ्या, नाहीतर काहीच नाही."

आणि एका सकाळी ती न्हाणीघरातून ओरडत बाहेर आली, "वायर जळतेय! वायर जळतेय!" आतोबांनी धावत जाऊन मुख्य बटण खाली ओढलं. ते घाईत इमारतीचं निघालं. वरच्या मजल्यावरचे लिफ्टमध्ये अडकले, खालच्या मजल्यावरच्यांची इस्त्री गार झाली, आणि सगळे जिन्यात जमून नाकं वर करून हुंगू लागले. कोणालाच काही येईना. आत्याला मात्र येत होता, थेट तिच्या ओल्या हातांतून. जळक्या वायरचा वास साबणाला येत होता.

हे ऐकून डॉक्टरीणबाईंना आनंदाने बसवेना. आत्या तडकली, "तुम्ही हसताय? तुमचा गुलाब मला फुटलेल्या बॅटरीसारखा येतो! लवंग म्हणजे ओला कुत्रा!"

"येतोय ना पण! मावशी, काही कुलपं जागी झालीत, बाकीची झोपलीत. नव्या पेशींच्या तारा मेंदूत भलतीकडेच जोडल्या गेल्या असतील. गाण्यातले तीनच सूर ऐकू आले तर गाणं भेसूरच वाटणार."

"सरळ होईल?"

"बऱ्याच जणांचं हळूहळू होतं. सगळ्यांचं नाही. तुमचं काय होईल, मला माहीत नाही. आणि हे थेंबांमुळे झालं की आपोआप, तेही माहीत नाही."

आत्याला हे उत्तर कडू लागलं, पण खवट लागलं नाही. ती थेंब घालत राहिली. जेवण नकोसं झालं, वजन उतरलं. माझे वडील भेटायला आले आणि म्हणाले, "बाळे, याच्यापेक्षा वास गेलेला होता तेच बरं होतं."

"दादा, बंद दुकानापेक्षा भांडखोर गिऱ्हाईक बरं. ते निदान रोज येतं."

थंडी सरत आली. परीक्षेला दोन आठवडे उरले असताना आत्याने, करायला काही नव्हतं म्हणून, पलंगाखालचा केर काढायला घेतला. ते खोकं ओढलं, झाकण उघडलं आणि ती जागीच थांबली. आतून उन्हात वाळलेल्या पांढऱ्या चादरीसारखा वास येत होता. स्वच्छ, ऊबदार, घडी घालून ठेवावा असा. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी सुंदर. तिने एक वडी नाकाला लावली आणि फरशीवर बसून राहिली.

आतोबा दारात आले. "अगं ए, तो परत आलेला माल आहे. खवट! मला इथपर्यंत येतोय."

आत्याने वडीकडे पाहिलं, आतोबांकडे पाहिलं आणि डोळे पुसायचे सोडून ती हसायला लागली. "अहो, उठा. म्हणजे उभेच आहात, तर दुकानात जा. आपल्या कारखान्याचे सगळे साबण घेऊन या. एकेक वडी."

पुढचे दोन आठवडे त्या स्वयंपाकघरात जे चाललं त्याला अभ्यास म्हणायचं की छळ, ते तुम्ही ठरवा. आतोबा पाठ करून साबण किसायचे, झाकणं लावायचे, जागा बदलायचे. आत्या हुंगायची. गुलाबी साबण म्हणजे फुटलेली बॅटरी. लिंबाचा म्हणजे गंजलेला खिळा. लहान मुलांचा म्हणजे जळकी वायर. सगळेच भयंकर, पण प्रत्येक आपापल्या परीने भयंकर, आणि काल जसा होता तसाच आज. आतोबा मधूनच एखाद्या वाटीत खवट कीस मिसळायचे. मग बॅटरीच्या मागून कुठूनतरी चादर वाळत घातल्यासारखं व्हायचं.

"यात चादर आहे," आत्या म्हणायची.

"आहे," आतोबा कबूल करायचे. "पण थोडीच घातली होती मी."

"थोडीच आली."

परीक्षेच्या दिवशी मॅनेजरने टेबलावर मधोमध एक उभी फळी लावली होती. एका बाजूला आत्या, दुसऱ्या बाजूला मिशीवाले. त्यांची मिशी फळीवरूनही दिसू नये इतकी ती उंच होती. आत्या स्वतःच्या जुन्या स्टुलावर बसली. वाट्या आल्या.

पहिली उघडली आणि तिचं तोंड असं झालं की मॅनेजरने पाण्याचा पेला पुढे केला. तिने तो बाजूला सारला, लिहिलं, चिठ्ठी पालथी ठेवली. दुसरीला तिला उबळ आली. मॅनेजर खाली मान घालून बसला. भल्या माणसाला दुसऱ्याची फजिती बघवत नाही. शेवटची वाटी उघडल्यावर मात्र आत्याचा चेहरा खुलला. तिने दोनदा हुंगली, डोळे मिटून.

मॅनेजरने चिठ्ठ्या उलटल्या. पहिलीवर होतं, "बॅटरी. ठीक." दुसरीवर, "गंजका खिळा. ठीक." अशा सगळ्या ठीक. शेवटचीवर होतं, "फार सुंदर. अख्खा घाणा फेकून द्या."

फळीपलीकडून मिशीवाल्यांची शेवटची चिठ्ठी आली. "खवट." या खेपेला त्यांना बघायला भुवई नव्हती.

मॅनेजरने दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी धरल्या. "बाई, उत्तरं बरोबर आहेत. पण नाक तर बिघडलेलंच आहे तुमचं."

"बंद होतं तेव्हा मी खोटं लिहिलं. आता वाकडं आहे, पण लिहिलं ते माझं मी लिहिलं."

"उद्या पुन्हा बदललं तर?"

"तर पुन्हा शिकेन. दर आठवड्याला परीक्षा घ्या माझी. पण एकटीची नाही, सगळ्यांची. आणि ही फळी इथून हलवायची नाही. नवा सुगंध निवडायचा असेल तेव्हा मला विचारू नका, मला सगळेच मेलेले वाटतात. ते काम ह्यांचं. पण खवट माल माझ्या नाकावर टिच्चून या दारातून बाहेर जाणार नाही."

"ताई," फळीपलीकडून आवाज आला, "मला फार एकटं वाटतंय इथे."

"सव... राहू दे," आत्या म्हणाली. "शिका आता."

फळी आजही तिथे आहे, स्टूल आत्याकडे आहे. डॉक्टरीणबाईंचा प्रयोग अजून संपलेला नाही. थेंबांत औषध होतं की मिठाचं पाणी, ते कळलेलं नाही. आत्याचं म्हणणं, "ते तुम्ही शोधा. मी कामावर निघाले." गुलाब अजून बॅटरीच आहे, तरी परवा लिंबाच्या खिळ्यामागे तिला क्षणभर लिंबू दिसून गेलं, असं ती सांगते. आतोबा कानातलं यंत्र काढायचं नाव घेत नाहीत, फक्त फ्रिजजवळून जाताना त्याला शिव्या देतात.

मी तिला विचारलं, "आत्या, दोन वाट्यांच्या मध्ये अजून घरी जाऊन येतेस?"

"येते की."

"मग कोपराला कसला वास येतो?"

"जळक्या वायरचा," ती म्हणाली. "पण दार उघडतं रे. आत गेल्यावर कुठे काय आहे, ते मला ठाऊक आहे."